बटण दाबताना काहीच वाटलं नाही

इंदूरच्याच एका मुलीने मला विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. ती वर्तमानपत्रांसाठी फोटो काढते. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीचं हवन चालू असताना, बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचा (पायऱ्यांच्या विहिरीवरचा) स्लॅब कोसळला आणि ३६ माणसं गेली. ती तेव्हा या कामात अगदी नवी होती आणि रात्रभर तिथेच उभी होती. तिने लिहिलंय, "काका, एकेक देह दोराने वर येत होता आणि मी शटरस्पीड बघत होते. मला काहीच वाटलं नाही. आता मात्र बांधकामावर कुणी दोर ओढताना दिसलं तरी छातीत धस्स होतं. युद्ध चालू असलेल्या भागात जायची संधी आली आहे. जावं का? आणि त्या रात्री मला काही वाटलं नाही, म्हणजे माझं मन मेलंय का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. मेलेल्या मनाला दोर बघून धस्स होत नाही.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणूस कामात शिरतो. उजेड किती, उभं कुठे राहायचं, मध्ये कोण येतंय, रोल संपत आला का (तुमच्या वेळी कार्ड), एवढंच डोक्यात राहतं. त्या रात्री महूच्या लष्करी छावणीतून आलेले जवान बावडीत उतरत होते. त्यांच्याही डोक्यात दोर कुठे अडकवायचा आणि खालचा मलबा किती पक्का आहे हेच असणार. त्यांना कुणी निर्दय म्हणत नाही. पण आपल्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते आपल्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्यातच आहे. त्यांनी खालून माणूस आणून त्याच्या घरच्यांच्या हवाली केलं. आपण तिथून काहीतरी घेऊन निघून आलो.

मला हे भोपाळला कळलं. ३ डिसेंबर १९८४ ला सकाळी इंदुरात बातमी आली की रात्री कारखान्यातून गॅस सुटला. मी चोवीस वर्षांचा होतो. एक कॅमेरा, दोन लेन्स, इंदू फिल्मचे सहा रोल घेऊन देवास, आष्टा, सीहोर करत बसने निघालो. समोरून येणाऱ्या गाड्या टपापर्यंत भरलेल्या होत्या. हमीदिया रुग्णालयात पोचलो तेव्हा व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आरडाओरडा नव्हता, खोकण्याचा एकसारखा आवाज होता.

एका खांबाला टेकून एक तरुण आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गमछ्याचं टोक लोट्यात बुडवायचं आणि तिच्या डोळ्यांवर पिळायचं, असं त्याचं चाललं होतं. लोट्याचं बूड चेपलेलं होतं, तो कलंडायचा, म्हणून एका हाताने धरून ठेवावा लागत होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "भाईसाब, ज़रा लोटा पकड़ लो." मी ऐकलं. मला कळलं. आणि मी आधी एक फ्रेम काढली. मग कॅमेरा पाठीवर टाकून लोटा धरला. पंधरा-वीस मिनिटं धरला असेन. दोनदा पाणी भरून आणलं.

हे ज्यांना सांगतो ते म्हणतात, मदत केलीस की! पण ती वीस मिनिटं माझ्या लक्षात राहिली नाहीत. लक्षात राहिला तो त्याआधीचा सेकंदाचा शंभरावा-सव्वाशेवा भाग. त्याने हात मागितला होता आणि माझा हात बटणावर होता.

तो फोटो छापून आला, लोकांनी वाखाणला. त्याच दिवसांत रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी दफन होत असलेल्या एका लहान मुलाचा चेहरा टिपला. माती पडते आहे, डोळे उघडे आहेत. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मूल अनोळखीच राहिलं. त्या चेहऱ्याशिवाय भोपाळ जगाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं नसतं, याबद्दल मला शंका नाही. पण तिथे आणखी एक प्रकारचे फोटो निघत होते, त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ओळख न पटलेल्या मृतांचे, चेहऱ्याजवळ क्रमांक ठेवून काढलेले. लोक एकेका फोटोपुढे थांबायचे, पुढे सरकायचे, पुन्हा मागे यायचे. त्या फोटोंना कुणी कला म्हणणार नाही. पण माणूस मिळत होतं ते त्यांच्यामुळे.

पुढचे चार महिने मला नीट झोप नव्हती. डार्करूममध्ये लाल दिवा लावला की लोटा दिसायचा. घरी आई म्हणायची, दृष्ट लागली असेल. तिने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, मी गप्प बसून उतरवून घेतल्या. एप्रिलमध्ये शेवटी भोपाळला परत गेलो. त्या तरुणाचं नाव आणि जयप्रकाश नगर एवढंच बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं होतं, ते उपयोगी पडलं. आई चौथ्या दिवशी गेली होती. मी छापून आलेल्या फोटोची मोठी प्रिंट त्याच्या हातात दिली. त्याने पाहिली, उलटी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "इसके अलावा कोई है क्या? जिसमें अम्मा की आँखें दिखें?" घरात तिचा एकही फोटो नव्हता.

इंदुरात येऊन निगेटिव्हची पट्टी पुन्हा दिव्यावर धरली. छापला होता तो चौदावा फ्रेम. बाराव्या फ्रेममध्ये ती होती. मी लांबून, नुसता उजेडाचा अंदाज घ्यायला दाबलेला. ती वर कुठेतरी बघते आहे, डोळे सुजलेले पण उघडे, पदर डोक्यावर नीट. कॉन्टॅक्ट शीटवर मी त्याला खूणसुद्धा केली नव्हती, कारण त्यात बातमी नव्हती. तो चेहरा मी एनलार्जरवर मोठा केला, डोळ्यांच्या जागी उजेड अडवून अडवून तीन वेळा प्रिंट काढली आणि नेऊन दिली. त्याने ती भिंतीवर लावली. झोप एका दिवसात आली नाही, पण यायला लागली ती तिथून.

हे माझं एकट्याचं हळवेपण नाही. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी १४० युद्धवार्ताहरांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २९ टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) झालेला आढळला आणि २१ टक्क्यांना तीव्र नैराश्य. युद्ध न पाहिलेल्या पत्रकारांपेक्षा हे प्रमाण खूप जास्त होतं. पुढे त्यांनीच न्यूजरूममध्ये बसून हिंसेची दृश्यं तपासणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. तिथे असं दिसलं की एका वेळी किती तास पाहिलं यापेक्षा किती वेळा पाहावं लागलं याचा त्रास जास्त होतो. म्हणून तू जागेवर किती वेळ होतीस एवढंच मोजू नकोस. नंतर रात्री तेच फोटो किती वेळा उघडलेस, तेही मोज.

व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनी आणखी एका जखमेला नाव दिलं, ती नैतिक जखम. भीतीची जखम वेगळी आणि 'मी हे बरोबर केलं नाही' याची वेगळी. आपल्या कामात पहिलीबद्दल खूप बोलतात. मला स्वतःला दुसरीने जास्त छळलं. तिचं सगळ्यात वाईट उदाहरण आता सांगतो, आणि ते सांगायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी पोचलो तेव्हा पाऊस होता. एका पडलेल्या घरापुढे म्हातारेबाबा उकिडवे बसलेले. त्यांच्यामागे नुसता ढिगारा. फोटोत काही लागत नव्हतं. चार पावलांवर गणपतीचा पाट पडला होता, कडेला अक्षता आणि सुकलेली दूर्वा चिकटलेली. मी तो उचलला, बाबांच्या पायाशी ठेवला आणि तीन फ्रेम काढल्या. ते बघत होते. माझं झाल्यावर शांतपणे म्हणाले, "ह्यो पाट आमचा न्हाई. पलीकडल्या घरचा हाय. त्यांच्यातलं कोणी ऱ्हायलं न्हाई."

मी पाट जागेवर नेऊन ठेवला. पण रोल मात्र पाठवला, आणि फोटोखाली छापून आलं की याच घरात काल गणपती होता. कुणाला काही कळलं नाही. फोटोचं कौतुक झालं.

त्यानंतर मला सिकंदर बागेच्या फोटोकडे बघवत नाही. १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौच्या त्या बागेत इंग्रजांनी सुमारे दोन हजार बंडवाल्यांना मारलं. फेलिचे बेआतो तिथे कॅमेरा घेऊन पोचला तो काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. पडकी इमारत, पुढे अंगणात विखुरलेली हाडं. ती हाडं फोटोसाठी बाहेर काढून मांडलेली होती, असं जाणकार मानतात. मेल्यावरही त्यांना उठवून कॅमेऱ्यापुढे आणलं! पूर्वी हे वाचून मला बेआतोचा राग यायचा. आता पाट आठवतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यामुळेच काही घडतंय का, ही शंका. १८ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, ढाक्यात जमावासमोर बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारण्यात आलं. तिथे परदेशी छायाचित्रकार होते. हे आपल्यासाठीच चाललंय, आपण गेलो तर कदाचित थांबेल, असं वाटून काहीजण निघून गेले. हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ थांबले, त्यांनी फोटो काढले. त्या फोटोंना १९७२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मी तिथे असतो तर निघून गेलो असतो. आणि ते दोघे थांबले म्हणून पुरावा राहिला, हेही खरं. ही दोन वाक्यं माझ्यात एकमेकांशी जुळत नाहीत आणि मी ओढूनताणून जुळवत नाही. एवढं मात्र स्वतःच्या अनुभवाने सांगतो. दंगलीच्या दिवसांत गल्लीच्या तोंडावर पोरं हातात दगड घेऊन उभी असतात आणि कॅमेरा वर गेला की हात वर जातो. दोनदा मी कॅमेरा पिशवीत घालून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दोन्ही वेळा हात खाली आले. नेहमी येतील असं नाही. पण करून बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी एक फोटो गमावला तर गमवावा.

तू दक्षिण आफ्रिकेच्या केविन कार्टर या छायाचित्रकाराबद्दल विचारलं नाहीस, पण विचारशील, कारण त्याचा तो भुकेने वाकलेल्या मुलामागे बसलेल्या गिधाडाचा फोटो आणि त्याखालचा मजकूर दर सहा महिन्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. 'तिथे गिधाडं दोन होती, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता', 'मूल मेलं आणि त्या पश्चात्तापाने त्याने जीव दिला.' मला या मजकुराची चीड येते. फोटो सुदानमधला, मार्च १९९३ चा. कार्टरने गिधाडाला हुसकावलं होतं. बऱ्याच वर्षांनी एका स्पॅनिश वर्तमानपत्राने त्या गावी जाऊन शोध घेतला, तेव्हा कळलं की तो मुलगा होता आणि तो दुष्काळ पार करून पुढे कित्येक वर्षं जगला. कार्टरला पुलित्झर जाहीर झालं ते १९९४ च्या एप्रिलमध्ये. त्याच महिन्यात, १८ तारखेला, त्याचा जिवलग मित्र केन ऊस्टरब्रुक जोहान्सबर्गजवळच्या थोकोझामध्ये गोळी लागून गेला. पैशांची ओढाताण होती, नशा होती, डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं पाहिलेली प्रेतं होती. जुलैमध्ये त्याने आयुष्य संपवलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. इतक्या गुंतलेल्या दुःखाचं आपण एका ओळीचं सुभाषित करून फिरवतो. त्याच्याजवळ त्या वर्षी कुणी रोज बसायला असतं तर, एवढंच मला वाटत राहतं.

म्हणून जाण्याआधी हे ठरव की परत आल्यावर तू कुणाशी बोलणार. घरचे नकोत, निदान आधी नकोत, ते घाबरतील. या कामातलंच कुणीतरी, ज्याला 'वास' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. झोप जाणं, दचकणं, उगाच चिडणं महिनाभर टिकलं तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तुझं दोराचं धस्स होणं तर महिन्याच्या कितीतरी पुढे गेलंय, त्याबद्दल आत्ताच जा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. दारूने झोप येते आणि पहाटे तीनला मोडते, हे मी दोन वर्षं करून पाहिलं आहे. फोटो निवडायला बसशील तेव्हा ते स्क्रीनवर लहान ठेव, व्हिडिओ असेल तर पहिल्यांदा आवाज बंद करून बघ, आणि अंथरुणात तर मुळीच उघडू नकोस.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय जाऊ नकोस, मग संधी कितीही मोठी असो. २०११ मध्ये लिबियातल्या मिसराटात छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन मांडीच्या जखमेतून रक्त वाहून मरण पावले. त्यांचे मित्र सेबास्टियन युंगर यांनी नंतर स्वतंत्र पत्रकारांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी संस्थाच काढली. पट्टा कुठे आवळायचा हे हातांना माहीत असलं की 'फोटो काढू की मदत करू' हा प्रश्नही निम्मा सुटतो. माझा नियम साधा आहे. मदत करू शकणारा मी एकटाच असेन तर कॅमेरा खाली. दुसरे करत असतील तर त्यांच्या वाटेत न येता काम करायचं. आणि कुणी हात मागितला तर आधी हात. हे शेवटचं मी लोट्याकडून शिकलो.

एजन्सीला लेखी विचार की जखमी झालीस तर परत कोण आणणार आणि खर्च कुणाचा. दानिश सिद्दीकीसारखा अनुभवी छायाचित्रकार, रॉयटर्ससारखी मोठी वृत्तसंस्था पाठीशी असताना, जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डाकला मारला गेला. तू तर एकटी जाणार.

कारगिलची एकच गोष्ट सांगतो. जून १९९९, द्रास. तोफांच्या भीतीने गाड्या रात्री दिवे विझवून चालायच्या. वरून खाली आणलेल्या एका स्ट्रेचरचा फोटो मी काढला. चेहरा स्वच्छ दिसत होता, छातीवरची नावाची पट्टी वाचता येत होती. तो रोल मी दोन दिवस खिशात ठेवला. माझं बालपण महूजवळ गेलं. दारात लष्करी जीप थांबली की अख्ख्या लाइनीत काय होतं हे मला ठाऊक होतं. जीप पोचायच्या आत वर्तमानपत्र पोचायला नको होतं. फोनवर वरिष्ठांनी फार कडक शब्दांत झापलं, त्या दिवशीचा पहिल्या पानाचा फोटो दुसऱ्याचा गेला. चाळीस वर्षांत घेतलेल्या निर्णयांमध्ये या एकाबद्दल माझ्या मनात कधीच किंतु आला नाही.

आता, जावं का? जा. तुला दोर बघून धस्स होतं, म्हणून तू जावंस असं मला वाटतं. ज्यांना काहीच होत नाही त्यांनी काढलेले फोटो मी पाहिले आहेत. पण उपचार चालू झाल्यावर जा, आणि तुझं एक काम राहिलंय ते उरकून जा. त्या रात्रीचं कार्ड पुन्हा उघड, दिवसाउजेडी, कुणालातरी शेजारी बसवून. पाठवलेले फोटो बघू नकोस. न पाठवलेले बघ. संध्याकाळचे, गर्दीतले, ज्यात बातमी नव्हती म्हणून तू पुढे सरकवलेस ते. कुणीतरी हुंदका आवरून दोराकडे बघत असेल, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं असेल, कुणी वाचलेल्या पोराला कडेवर घेऊन असेल. त्यांतले चेहरे कुणाचे हे वस्तीत विचार. स्नेह नगर-पटेल नगर काही परदेश नाही, संध्याकाळी स्कूटरवरून जाऊन येशील. आधी एकटी जा, कॅमेरा घरी ठेवून. फोटो हवाय का ते विचार. नको म्हणाले तर नमस्कार करून परत ये, रागावले तर ऐकून घे. हवा म्हणाले तर प्रिंट मॅट कागदावर काढ. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, आणि तो फोटो पुष्कळदा हातात घेतला जाणार आहे.